पाण्यात उतरण्यापूर्वी

वसंत ऋतूत भरणाऱ्या या व्याख्यानमालेत नावांचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु युरोप-अमेरिकेच्या उत्तरेकडील किनाऱ्यांवर वसंत आणि नाव यांचे नाते फार जवळचे आहे. तिकडे हिवाळ्यात बंदरे गोठतात. शिडाच्या लहान होड्या शरद ऋतूतच किनाऱ्यावर ओढून घेतात, त्यांवर आच्छादन घालतात आणि बर्फ वितळू लागले की खरवडणे, ठोकणे, रंगविणे सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर बर्फाचे भय नाही, भय आहे ते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे. म्हणून आपल्या दर्याचे वर्ष वसंतात सुरू होत नाही, ते श्रावणात नारळी पौर्णिमेला सुरू होते. ऋतू निराळा, कारण निराळे, पण नाव पाण्यात उतरण्यापूर्वी तिच्यावर जे काम करावे लागते ते मात्र दोन्हीकडे एकच आहे. त्या कामाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. नाव पाण्यावर तरताना सर्वांना दिसते, पण ज्या कामाच्या बळावर ती तरते ते काम कुणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचा मोबदलाही बहुधा हिशेबात दिसत नाही. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाला या विषयाची ओढ का वाटावी, हे एवढ्यावरून ध्यानात येईल.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. कोकणच्या किनाऱ्याने माल वाहणारी शिडाची गलबते, पडाव आणि फतेमाऱ्या यांचा काळ आता सरला. स्वातंत्र्यानंतर मासेमारीच्या होड्यांवर यंत्रे आली, पुढे लाकडाऐवजी फायबरचे सांगाडेही आले. शीड आज उरले आहे ते काही लहान होड्यांवर आणि हौसेच्या व शर्यतीच्या नावांवर. तरीही लाकडी नाव आज ना उद्या कोरडी होते आणि पुन्हा ओली होते, आणि तिची सारी विद्या याच एका गोष्टीभोवती फिरते. ती विद्या शिडाच्या जमान्यात तयार झाली, म्हणून शिडाची नावच आम्ही उदाहरणाला घेतली आहे.

पावसाळ्यात नावा वर काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मराठ्यांच्या आरमारालाही पावसाळ्याची छावणी असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आंबा आणि फणस यांची लाकडे आरमाराच्या उपयोगाची खरी, पण ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, म्हणून त्यांना जबरदस्तीने हात लावू नये, असे त्यात बजावले आहे. नावेच्या तयारीचा विचार करताना त्यापायी कुणाच्या घरावर संकट येते याचाही विचार करणारा हा राजकारभार होता. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक कोरून केलेली आरमाराची गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीला नाव आत घ्यावी, ओहोटीला पाणी निघून गेले की तिच्या तळाशी माणसांनी कामाला लागावे, अशी ती व्यवस्था. आजच्या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीसाठी असलेला हा नियम आणि होडीच्या दुरुस्तीचा जुना काळ हे असे एकमेकांशी जुळून आले आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नाव वर काढावयाची ती उधाणाच्या भरतीला. लाकडाच्या गोल ओंडक्यांवरून, दोरांना माणसे लावून ती भरतीच्या रेषेच्या वर नेतात आणि दोन्ही बाजूंनी टेकू देऊन उभी करतात. हे टेकू म्हणजे केवळ आधार नव्हेत. पाण्यात असताना नावेचा भार चहूकडून सारखा पेलला जातो, जमिनीवर मात्र तो चार-सहा ठिकाणी येतो. टेकू चुकीच्या जागी लागले, तर चांगल्या नावेचाही आकार बिघडतो. शिवाय त्याच टेकूंच्या भरवशावर महिना-दोन महिने माणसे तिच्या पोटाखाली निजून काम करणार असतात. ओल्या वाळूत टेकू खचतो, तेव्हा त्याच्या बुडाशी फळी घालणे आणि दर पावसानंतर तो तपासणे हे सगळ्यांत पहिले काम होय.

यानंतरची गोष्ट नवख्याला उलटी वाटेल. लाकडी नावेला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक घातक असते. लाकूड कुजते ते बुरशीने, आणि बुरशीला खारटपणा सोसत नाही. गोडी ओल आणि कोंदट हवा मात्र तिला मानवते. म्हणून वर काढलेल्या नावेवर नारळीच्या झापांचे छप्पर घालतात, आणि तळाचे बूच काढून नाळ किंचित उंच ठेवतात, म्हणजे आत आलेले पाणी निघून जाते. आतल्या फळ्या उचलून वारा खेळता ठेवणेही तितकेच अगत्याचे. वरून नाव झाकली आणि आत वारा कोंडला, तर झाकल्याचा काही उपयोग नाही.

मग तळाची सफाई. पाण्यात राहिलेल्या नावेच्या तळाला शेवाळ धरते आणि शिंपल्यासारख्या कवचाचे टणक जीव चिकटतात. त्यांच्या खरखरीत थरामुळे पाण्याचा विरोध वाढतो आणि नाव जड चालते. हा थर ओला आहे तोवरच खरवडावा लागतो. एकदा वाळला की तो दगडासारखा होतो आणि खरवडणाऱ्याचे खांदे भरून येतात. त्यामुळे नाव वर आली त्याच दिवशी, कितीही दमणूक झालेली असली तरी, खरवडणी हातात घ्यावी लागते.

तळ साफ झाला की खऱ्या शत्रूचा शोध सुरू होतो. लाकूड पोखरणाऱ्या ज्या प्राण्याला आपण किडा म्हणतो तो वस्तुतः किडा नव्हे. टेरेडो नावाचा हा जीव कालवांचा आणि तिसऱ्यांचा भाऊबंद आहे. अगदी लहान असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत लाकडाच्या धाग्याने बोगदा खणतो, त्या बोगद्याला चुन्याचे अस्तरही लावतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून ती चाळणी झालेली असते. म्हणून जाणता सुतार नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. तो हातोडीने फळीफळीवर ठोके मारतो आणि आवाज ऐकतो. भरीव लाकूड खणखणीत बोलते, पोकळ लाकूड बद्द बोलते. जेथे शंका येईल तेथे आरीचे टोक खुपसून पाहतो. या शत्रूवर उपाय मात्र ऋतूनेच दिला आहे. लाकूड पुरते वाळले की टेरेडो मरतो, आणि गोड्या पाण्यातही त्याचा फार काळ निभाव लागत नाही. तेव्हा नाव वर काढून वाळविणे म्हणजे तिला विश्रांती देणे नव्हे, ते तिचे औषधपाणीच आहे.

पण या औषधाची किंमत द्यावी लागते. लाकूड वाळले की आडव्या अंगाने आकसते आणि फळ्यांच्या सांधांत फटी पडतात. या फटी भरणे हे साऱ्या तयारीतले कसबाचे काम. जुने, कुजके भरण उकरून काढावयाचे, सांधा स्वच्छ करावयाचा, कापसाची सैलसर वात करून ती बोथट धारेच्या लोखंडाने मोगरीच्या ठोक्यांनी आत बसवावयाची आणि वरून राळ व तेल यांचे लुकण भरावयाचे. येथे नवख्याची समजूत अशी असते की, कापूस जितका गच्च ठोकावा तितके चांगले. कसबी माणूस तसे करीत नाही. नाव पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार आहेत. त्यांना फुगावयास जागा ठेवली नाही, तर त्या आपल्याच जोराने खिळे उपटतील. सैल ठोकला तर पाणी आत येईल, गच्च ठोकला तर नाव उकलेल. या दोहोंमधला नेमका ठोका कोणत्या पुस्तकात सापडत नाही, तो मनगटात असतो. आणि मनगटात येण्यासाठी माणसाला कितीतरी पावसाळे नावेच्या बाजूला बसून काढावे लागतात.

खिळ्यांचेही तसेच. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचे लाकूड मऊ पडते. खिळ्याच्या माथ्याजवळ तांबूस डाग ओघळला असेल, तर आत काय चालले आहे याची ती चिठ्ठी समजावी. या बाबतीत आपल्या सागवानाची थोरवी मोठी. सागात तेल असते, त्यामुळे त्यातले लोखंड लवकर गंजत नाही. उलट विलायती ओकच्या लाकडातील आम्ल लोखंडाला खाते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. २०० वर्षे उलटून गेली तरी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगती आहे.

मग येतो तेलरंग. पूर्वी पाण्यावरच्या भागाला माशाचे तेल पाजीत आणि पाण्याखालच्या भागाला चुना व चरबी यांचा लेप देत. आता तळासाठी तांब्याची संयुगे घातलेले तयार रंग मिळतात. हे रंग विषारी असतात, आणि ते विषारी असावेत हाच त्यांचा उद्देश. तळावर जीव बसू नयेत म्हणूनच ते लावावयाचे. परंतु विष माणूस ओळखीत नाही. मागे अशा रंगांत कथिलाचे एक संयुग घालीत. बंदरांतील कालवे आणि गोगलगाई त्याने विकृत होऊ लागल्या, तेव्हा २००१ साली त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलात आला. कालवांच्या बाजूने जगाने करार केला ही आनंदाची गोष्ट आहे. पण तोच रंग कोरडा घासताना उडणारी भुकटी ज्याच्या छातीत जाते, त्या माणसाच्या तोंडावर फडक्याशिवाय काही नसते, हे आम्ही किनाऱ्यावर पाहिले आहे. तळाचा जुना रंग कोरडा घासू नये, पाणी मारून घासावा, म्हणजे भुकटी उडत नाही. चांगली मुखपट्टी, चष्मा आणि हातमोजे यांचा खर्च रंगाच्या एका डब्याहून जास्त नाही.

डोलकाठी, दोर आणि शीड यांची तपासणी दिसावयास सोपी, पण ती चुकली तर दंड मोठा. दोर कधी मध्यावर अचानक तुटत नाही. तो जेथे घासतो, वळतो किंवा गाठीत दबतो तेथे आधी झिजतो, म्हणून नेमकी तीच ठिकाणे उलगडून पाहावीत. तारेचे दोर असतील तर त्यांवरून फडके फिरवावे. एखादा धागा तुटलेला असेल तर फडके अडकते. हात मात्र उघडा फिरवू नये. सुती शीड ओलसर घडी करून ठेवले की बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि आजच्या कृत्रिम धाग्याच्या शिडाला ओलीपेक्षा ऊन अधिक खाते. दोन्ही प्रकारांत कापडाआधी शिवण जाते. शिवण नखाने ओढून पाहावी, तुटली तर ती किनाऱ्यावर तुटली हे नशीबच समजावे.

किनाऱ्यावर जे काम एका दुपारचे असते ते समुद्रात प्राणावर बेतते, याचा दाखला मुंबईतच बांधलेल्या एका होडीचा आहे. 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी शिडाची होडी १९६४ साली मुंबईत बांधून पुरी झाली. वाकस, सामता अशा हाताच्या हत्यारांनीच आपल्या सुतारांनी ती उभी केली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटाच निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. असे करणारा तो पहिला माणूस. त्या प्रवासाच्या प्रारंभीच अटलांटिक महासागरात होडीच्या तळाशी कण्याजवळचा सांधा गळू लागला. त्याने पाण्यात बुडी मारली, कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवून ती पट्टी तांब्याच्या चुकांनी सांध्यावर ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसविला. हे सारे श्वास कोंडून, पुन्हा पुन्हा बुड्या मारीत, आणि शार्क माशाच्या संगतीत. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते यालाच! तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. ३१२ दिवस जगातील सर्वांत रागीट समुद्रांनी झोडपल्यावरही ती होडी शाबूत परतली. जगाने तिच्या मालकाचे नाव योग्य रीतीने लक्षात ठेवले. तिच्या सुतारांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

असो. सारी तयारी झाली की नाव पाण्यात उतरविण्याचा दिवस येतो, आणि तो पौर्णिमेच्या आसपासच का असतो, याला श्रद्धेबरोबर हिशेबही आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका ओळीत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि उधाणाची भरती येते. तिचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. मुंबईच्या बंदरात अशा वेळी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. उधाणाला वर काढलेली नाव उधाणालाच सुखाने उतरते. भांगाच्या भरतीला उतरवू म्हटले तर पाणी तिच्यापर्यंत पोचतच नाही. दर्याला नारळ वाहताना आपले कोळी बांधव चंद्राच्या या वेळापत्रकाला नमस्कार करतात, असे म्हटले तरी चालेल.

नाव पाण्यात गेली म्हणजे काम संपले असेही नाही. वाळलेली नाव पहिल्या दिवशी गळतेच. घाबरण्याचे कारण नाही, फळ्या पाणी पिऊन फुगेपर्यंत एक-दोन दिवस माणसे आत राहून पाणी उपसतात. शहाणा तांडेल त्याआधीच काही दिवस आतून ओली पोती पसरून, पाणी शिंपडून लाकडाला पाण्याची ओळख करून देतो. दोन दिवसांनी गळती कमी झाली तर सांधे बरोबर बसले. ती कमी न होता तशीच राहिली किंवा वाढली, तर नाव वर घ्यावी आणि गळती शोधावी. येथे "चालून जाईल" म्हणणारा माणूस नावेचा मित्र नव्हे.

आणि आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेल्या साऱ्या कामाचा हिशेब मांडताना लाकूड, खिळे, कापूस, रंग, दोर या जिनसा वहीत येतात. सुताराची मजुरीही येते. परंतु खरवडणी, वाळवणी, उपसणी, टेकू धरणे, दोर वळणे ही कामे जे खलाशी करतात, त्यांचे दिवस अनेकदा वहीत येतच नाहीत. खलाशाचा मोबदला मासळीच्या वाट्यावर ठरलेला, आणि नाव जमिनीवर असताना वाटा कसला? मग घर चालविण्यासाठी उचल घ्यावी लागते, आणि ती उचल फेडण्यासाठी पुढच्या हंगामात त्याच नावेवर बांधून घ्यावे लागते. अशा रीतीने नाव मोकळी होऊन दर्यावर जाते, माणूस मात्र दावणीला राहतो. सगळे नावमालक असे वागतात असे आमचे म्हणणे नाही. किती तरी मालक स्वतःच तांडेल असतात, खलाशांच्या बरोबरीने खरवडतात आणि त्यांच्याच डोक्यावर कर्जाचा डोंगर असतो. दोष एका माणसाचा नसून वहीच्या रकान्यांचा आहे. जे काम रकान्यात नाही ते काम झालेच नाही, असे मानण्याची सवय पडली आहे.

ही सवय मोडते, हे इतिहासाने दाखविले आहे. इंग्लंडमध्ये जास्त माल भरलेली, मोडकळीस आलेली जहाजे विम्याच्या भरवशावर समुद्रात लोटीत आणि खलाशी बुडत. सॅम्युअल प्लिमसोल या पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध रान उठविले आणि १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाराची रेषा काढण्याचा कायदा झाला. पण ती रेषा कोठे काढावयाची हे मालकाच्या मर्जीवर सोडले होते. ती जागा कायद्याने ठरवावयास १८९० साल उजाडले. रेषा असणे वेगळे आणि ती योग्य जागी असणे वेगळे, हा धडा प्रत्येक कामगाराने ध्यानात ठेवावा. आपल्या काळात २००७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मासेमारीतील कामाविषयी १८८ क्रमांकाचा करार केला, आणि १६ नोव्हेंबर २०१७ पासून तो अंमलात आला. खलाशाशी लेखी करार, विश्रांती, पुरेसे अन्नपाणी, औषधोपचार आणि सुरक्षितता या गोष्टी त्यात आहेत. परंतु तो करार किनाऱ्यावरच्या वहीपर्यंत पोचवावयाचा तर ते काम किनाऱ्यावरच्या माणसांनाच करावे लागेल.

आमचे मागणे फार मोठे नाही. नाव वर असतानाच्या कामाचे दिवस वहीत लिहावेत आणि त्यांची मजुरी ठरवावी. रंगाच्या खर्चाबरोबर मुखपट्टी आणि हातमोज्यांचा खर्च धरावा. जितकी माणसे नावेवर जाणार तितकी तरंगती जाकिटे नाव उतरण्याच्या दिवशी मोजून घ्यावीत. आणि शेवटची गोष्ट, जिला पैसा लागत नाही: "नाव अजून तयार नाही" असे म्हणण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या खलाशालाही असावा, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याची जागा जाऊ नये. कारण ती फळी पोकळ वाजली हे बहुधा त्यालाच आधी कळलेले असते. तिच्याखाली निजून खरवडणारा तोच होता.

सुतार फळी ठोकून तिचा आवाज ऐकतो, तशी नावमालकांनी आणि खलाशांनी या पावसाळ्यात आपली वहीसुद्धा एकदा ठोकून पाहावी. जेथे ती बद्द बोलेल तेथे दुरुस्तीची वेळ हीच आहे. नाव एकदा पाण्यात गेली की प्रत्येक दुरुस्ती श्वास कोंडून करावी लागते.